चैत्राच्या तोंडावर, सायकलवर

मैत्रिणींनो, आधी एक विचारते. तुमची सायकल आता कुठे आहे हो?

शाळेत जाताना चालवायचात ती. कुणाची मोठ्या भावाची, काळी, दांडीवाली. कुणाची पुढे टोपली असलेली लेडीज सायकल. ओळखीच्या बायकांना मी हे विचारत असते आणि उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. "माहेरच्या माळ्यावर असेल." "धाकट्या भावानं नेली." "लग्न ठरलं तशी विकून टाकली बाई, आता काय करायचीय?" रुखवतात शिवणयंत्र येतं, भांड्यांची उतरंड येते, क्रोशाचे रुमाल येतात, सायकल मांडलेली मी तरी कुठल्या रुखवतात पाहिली नाही. आणि सायकल सुटली की तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे कामाशिवाय बाहेर पडणं. त्यानंतर आपण बाहेर पडतो ते भाजीला, मुलाला क्लासला सोडायला, हळदीकुंकवाला, देवाला, नाहीतर कुणाच्या दवाखान्याला. प्रत्येक वेळी पिशवीत एक कारण असतंच.

तर आज मी तुम्हाला विनाकारण बाहेर नेणार आहे. वाईहून मेणवली, भोगाव करत धोमपर्यंत, कृष्णेच्या काठाकाठानं. जाऊन-येऊन अंतर वीस किलोमीटरच्या आतलं. फटफटायला निघालात तर अकराला परत.

दिवस निवडायचा तो रंगपंचमी ते रामनवमी यांच्या मधला. खुद्द रंगपंचमीला मात्र या बाजूला सायकल आणू नका. त्या दिवशी वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड असतं, बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपून तो अवजड गाडा ओढत नेतात, आणि आसपासच्या साऱ्या वाटा माणसांनी फुलून जातात. बगाड बघायचं असेल तर ते वेगळं बघा. आपल्याला हवी ती सामसूम वाट.

घरी काय सांगायचं, हा खरा चढ! पुढचे चढ त्यामानानं काहीच नाहीत. आमच्याकडे मी आणि थोरल्या जाऊबाई अशा दोघी निघालो. दोघींच्या मिळून लग्नाला पन्नासाच्या वर वर्षं झालेली, पण दोघीच मिळून कुठे गेलो, असं आठवत नव्हतं. विरोध कुणी केला नाही. विरोध परवडला असता! भावजींनी फार प्रेमानं म्हटलं, "सायकली कशाला तुडवता? गाडी काढतो की, सगळेच जाऊ." यावर काय बोलावं मला सुचेना. जाऊबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गाडीतून तुम्ही थांबाल तिथं थांबावं लागतं. आम्हाला आम्ही थांबू तिथं थांबायचंय." विषय तिथं मिटला. हे वाक्य मी तुम्हाला उसनं देते, कामाला येईल.

आता तयारीचं. बऱ्याच वर्षांत सायकल चालवली नसेल तर एकदम वीस किलोमीटर नको. आठ-दहा दिवस आधीपासून सकाळी दोन-दोन किलोमीटर फिरा. तोल विसरलेला नसतो, तो पहिल्या फेरीतच परत येतो. दुखतात त्या मांड्या आणि बैठक. सीट सुरुवातीला इतकी खाली ठेवा की बसल्याबसल्या दोन्ही पावलं जमिनीला टेकतील, धीर आला की बोटभर वर घ्या, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही. हवा निघायच्या आदल्या संध्याकाळी भरा. रात्रीत उतरली तर पंक्चर आहे हे घरीच कळतं. पंजाबी ड्रेस सोयीचा, पण ओढणी मागं गाठ मारून बांधा. ती चाकात गेली तर माणूस उपडं पडतं. साडीच नेसायची तर सुती, दोन बोटं वर आणि पदर खोचून. सायकलला चेनवर कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. डोक्याला हेल्मेट घाला, केसांचं काय व्हायचं ते होऊ दे. डब्यात दशम्या घ्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्या की दिवसभर मऊ राहतात, भाकरीसारख्या वातड होत नाहीत. सोबत लसणीची कोरडी चटणी, गुळाचा खडा आणि एकीला एक याप्रमाणं पाण्याच्या मोठ्या बाटल्या. वाईत आतेबहिणीकडे मुलींच्या सायकली आयत्या मिळाल्या म्हणून आमचं सोपं झालं. तुम्हाला छोट्या टेम्पोत घालून न्याव्या लागतील.

आता निघू या.

वाईत पहिला थांबा गणपती घाटावर. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. मूर्ती एवढी थोरली, की नावच तसं पडलं. दर्शन झालं की देवळाला मागून जाऊन बघा. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, अशी योजना. रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर. विश्वासराव, माधवराव, नारायणराव या तिघांची आई ती. देवळाचं साल पुन्हा वाचा. पानिपत १७६१ चं, विश्वासराव तिथंच गेले. इकडे माहेरच्या नदीवर दुसऱ्या वर्षी देऊळ उभं राहिलं. त्याचा आणि त्या दुःखाचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही, पण घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की बाईच्या मनात ते येतंच.

वाईत बघण्यासारखं पुष्कळ आहे. ओळीनं घाट आहेत, आणि आळीआळीचा कृष्णाबाईचा उत्सव माघापासून पुढं पाळीपाळीनं चालतो. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात बसून उभं केलं. पण ते सारं परतीच्या बसची वाट बघताना. सकाळचं ऊन कोवळं आहे तोवर पेडल मारा.

गाव संपलं की लगेच शेतं. उजव्या हाताला पांडवगड, डावीकडे नदीपलीकडं पसरणीचा घाट पाचगणीकडं चढत जाताना दिसतो. पायथ्याचं ते पसरणी गाव म्हणजे शाहीर साबळ्यांचं; १९२३ साली ते तिथं जन्मले. वाट नदीच्या उगमाच्या दिशेनं जाते, म्हणजे जाताना हलका चढ आणि येताना हलका उतार. दमलेल्या माणसाला येताना नदीच घरी घेऊन येते म्हणा ना. उलट्या बाजूनं आखलेली सहल मी कुणालाच सुचवणार नाही.

आणि झाडं! या दिवसांत झाडांना पानं नसतात आणि तरी ती भरलेली असतात. पांगाऱ्याची लाल फुलं नुसत्या काट्याकाट्यांच्या फांदीवर. काटेसावरीची जाड, मांसल फुलं खाली टपटप पडलेली, त्यांच्यावर मुंगळे. पळस बांधाबांधावरून संपत आलेला. कुसुंबाची नवी पालवी इतकी लालभडक, की लांबून फुलंच वाटतात. जवळ गेलं की कळतं, ही पानं. करंजाची पालवी मात्र उन्हात काचेसारखी चमकते. मोटारीतून हे सगळं "किती छान" म्हणेपर्यंत मागं जातं. चालत जावं तर पुढचं झाड येईतो ऊन होतं. सायकलीचा वेग असा आहे, की झाड दुरून दिसतं, ओळखता येतं, त्याच्याखालून जाताना वास येतो आणि तांबटाचं टुकटुक कुठल्या फांदीवरून येतंय ते शोधण्याइतका वेळ मिळतो. आणखी एक. सायकलवर माणूस उंच नसतं, काचेआडही नसतं. बांधावरचं माणूस तुमच्याशी बोलतं.

बोलतं म्हणजे, उलटतपासणीच घेतं! पहिल्याच वळणावर शेळ्यांमागे निघालेल्या एका आजींनी थांबवलं.

"कुनाच्यात आलाय?"

"कुणाच्यात नाही, आजी."

"मग नवस हाय व्हय नरसोबाचा?"

"नवसही नाही."

आजींनी सायकलींकडं, मग आमच्याकडं पाहिलं आणि आवाज जरा करडा केला. "जमीन बघाया आलाय?"

इकडे बाहेरचं माणूस आलं, की हल्ली हाच संशय पहिला. शहरातले लोक नदीकाठी प्लॉट बघत फिरतात, त्याला त्या कंटाळलेल्या असाव्यात. जाऊबाई म्हणाल्या, "जमीन नको. पांगारा फुललाय, तो बघायला आलोय." आजी इतक्या हसल्या, की शेळ्या थांबल्या. "आमच्या बांधाला चार हायती. बघा की. पैसं न्हाईत त्याला." आणि जाता जाता म्हणाल्या, "दोघीच आलाय न्हवं? बरं केलंसा."

मेणवली तीनएक किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा इथला, सहा चौकांचा, आत भिंतींवर जुनी चित्रं. वाडा खासगी आहे, तेव्हा रीतसर विचारून, चपला काढून, आवाज न करता आत जावं. वाड्याच्या मागून उतरलं की अर्धचंद्राच्या आकाराचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि नदी. हा घाट तुम्हाला ओळखीचा वाटेल. २००४ सालच्या 'स्वदेस' सिनेमात पाहिलेला असतो. पण सिनेमाचं काय घेऊन बसायचं, इथली घंटा बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही चर्चची घंटा. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. शंकराच्या दारी ही लेकुरवाळी इतकी वर्षं टांगलेली आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. एक बाई ओल्या धुण्याची बादली खाली ठेवून घंटेलाही हात जोडून गेली.

नानांचं राजकारण शाळेत पाठ केलेलं असतं. जिऊबाईंचं नाव मात्र पुस्तकात नव्हतं. १८०० साली नाना वारले, तेव्हा त्यांच्या मागं राहिलेली ही बायको अगदी लहान मुलगी होती, परकर नेसण्याच्या वयाची. पुढचं सगळं आयुष्य विधवेचं. आधी लोहगडावर आसऱ्याला, मग पुढे केव्हातरी या मेणवलीत. इतके चौक, इतके खांब, एवढी नदी दारात. त्या मुलीनं कधी एकटीनं या घाटावर उतरून पाण्यात पाय सोडले असतील का? जाऊबाई पायरीवर बसून बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सपाता काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. पाणी गार होतं.

मेणवली सोडून पुढं निघालात, की वाऱ्यावर एक वास येईल. ओळखीचा, पण कुठला ते चटकन सांगता येणार नाही. स्वयंपाकघरातला असून स्वयंपाकघरातला नाही. ओला, मातकट, उग्र. तो हळद शिजवण्याचा वास. वाईचा हा भाग हळदीसाठी पूर्वापार प्रसिद्ध. आपण रोज चिमूटभर घालतो, पण ती कशी होते ते किती जणींनी पाहिलंय? अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लावतात, आठ-नऊ महिने जमिनीत राहते, पाला वाळला की काढतात. काढलेली हळद म्हणजे आल्यासारखे मातीचे गड्डे. ती काहिलीत पाणी घालून, वर हळदीचाच पाला झाकून शिजवतात; फेस आला, वास सुटला आणि काडी सहज आत गेली, की झाली. आता बऱ्याच ठिकाणी वाफेचे कुकर आलेत. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण आणि शेवटी पिंपात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून पिवळी चकाकी येते. पाच किलो ओल्या हळदीची सुकून जेमतेम एक किलो होते! रोपाच्या मधला जो मुख्य कंद, त्याला इकडे जेठा गड्डा म्हणतात. तो विकत नाहीत. पुढच्या वर्षी लावायला बेणं म्हणून राखून ठेवतात. बाजारात जातात ती त्याला फुटलेली हळकुंडं.

हे सगळं आम्हाला एका खळ्यावर समजलं. तिथं सासू, सून आणि दोन गडी काहिलीपाशी होते. सून तिशीची असेल, कोपरापर्यंत हात पिवळे. माहिती सासू सांगत होती आणि सुनेचं लक्ष सायकलीकडं. शेवटी तिनं विचारलंच, "जड हाय का वो?"

"चालवून बघतेस?"

"छ्या! दहावीपर्यंत चालवली. मग कुटं?" असं म्हणाली, पण हात धुवायला गेलीसुद्धा. मग सासूकडं बघून थबकली. काहिलीखाली जाळ होता, पाणी उकळत होतं. सासूनं जाळातलं लाकूड जरा मागं ओढलं आणि म्हणाली, "जा की गं. काहील काय पळून जातीया व्हय?"

साडीचा काष्टा मारून ती बसली. पहिलं पेडल डगमगलं, दुसरं सरळ गेलं. वाळत घातलेल्या हळदीला वळसा घालून, कडुलिंबाखालून, गोठ्यापर्यंत गेली, तिथून वाटेवर वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही सगळे गप्प. गडीसुद्धा लाकडं घालायचे थांबले. दोन-तीन मिनिटं झाली असतील. सासू रस्त्याकडं न बघता म्हणाली, "आमच्या वक्ताला बायामानसाला हे काय ठावंच न्हवतं." तेवढ्यात घंटी वाजवत ती परत आली. तोंडभर हसत होती. सायकल स्टँडवर लावली, हँडलला लागलेली हळद पदरानं पुसली आणि काही न बोलता काहिलीपाशी जाऊन पाला सारखा करायला लागली. मी तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला विचारलं नव्हतं.

शाळेची वेळ झाली की याच वाटेवर मुली भेटतात. दोन वेण्या, पाठीला दप्तर, तिघी-चौघी शेजारी-शेजारी रस्ता अडवून, मोठमोठ्यानं गप्पा मारत. मागून गाडी वाजली तरी घाई करत नाहीत. छान वाटतं बघायला. आणि आपल्याला माहीत असतं, की यातल्या बहुतेकींच्या सायकली आणखी पाच-सात वर्षांत कुठल्यातरी माळ्यावर जाणार. तुमच्या घरी लग्नाची मुलगी असेल, तर रुखवताची यादी करताना एकवार विचार करा, एवढंच म्हणते.

भोगावला थांबायचं ते वामन पंडितांच्या समाधीसाठी. गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिणारे हे पंडितकवी; १६९५ साली गेले. शाळेत त्यांच्या श्लोकांची पाठांतरं झालेली, तेव्हा नुसता धाक होता. इथं झाडांच्या सावलीत तो काही वाटत नाही. समाधीजवळ डबा मात्र उघडू नका, माकडं आहेत की नाहीत ते आधी बघा!

धोमला पोहोचेतो ऊन तापायला लागलेलं असतं. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं, असं म्हणतात. उंच गोल जोत्यावरचं नृसिंहाचं देऊळ बघा, पण जीव जडतो तो शेजारच्या धोमेश्वराच्या नंदीवर. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात भलं मोठं दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव पोहत निघालंय आणि नंदीमहाराज आरामात बसून चाललेत, असं दिसतं. "यांची बरी सोय आहे, पेडल मारायला नको," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यानं तोवर तक्रार सुरू केली होती.

गावापुढं धोम धरणाची भिंत, तिच्या मागं पसरलेलं पाणी आणि पाण्यापलीकडं कमळगड. हे पाणी पुढं कितीतरी शेतांना जातं, पण त्याच्या पोटात इथलीही शेतं आणि घरं गेलेली आहेत. पाणी छान दिसतं, तेवढं म्हणून पुढं जाववत नाही. काठाला झाड बघून दशम्या सोडा. गुळाचा खडा जपून ठेवला असेल तर आता खा.

परतीचं काही सांगायला नको. उतार आहे, वारा पाठीशी असला तर पायसुद्धा हलवावे लागत नाहीत. जाऊबाई पुढं होत्या. एका लांब उतारावर त्यांनी दोन्ही पाय पेडलवरून उचलून बाजूला सोडले, पन्नाशी उलटलेल्या बाईनं! आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या. वाऱ्यामुळं ते मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं."

येताना खळ्यावरून हळकुंडं घेतली. तुम्हीही घ्या, पण दळायची घाई करू नका. घरी आणल्यावर दोन कडक उन्हं द्या. हळकुंड मोडताना काटकन आवाज आला पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. जात्यावर किंवा गिरणीत दळण्याआधी खलबत्त्यात ओबडधोबड कुटून घ्या. भरायची ती काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, आणि उजेडात ठेवायची नाही, रंग उडतो. आमच्या पिशवीला भोक होतं. वाईत पोहोचेतो सायकलच्या कॅरिअरवर पिवळी पूड सांडली होती, आणि आतेबहिणीच्या मुलीला ती पुसायला फडकं द्यायला लागलो तर ती म्हणाली, "राहू दे मावशी, छान वास येतोय."